बेबीचा सोन्या आणि माझा सोन्या

माझा जन्म कुडाळच्या पुढं एका वाडीतला, नाव सांगितलं तरी तुम्हाला कळायचं नाय, एसटीसुद्धा तेव्हा वाडीपर्यंत यायची नाय. आम्ही दोघी बहिणीच. मी मोठी, आणि माझ्यामागं पुष्कळ वर्षांनी झालेली बेबी. तिचं खरं नाव विजया, पण तिला विजया कुणी बोललंच नाय, आमच्या आवशीपासून शेजारपाजारपर्यंत सगळ्यांची बेबी, आता साठीला आली तरी बेबीच. आणि मी कोण, तर ताय. बेबीला काखेत घेऊन मी विहिरीवर जायची, बेबीला काखेत घेऊन मी ढोरांमागं जायची, माझी शाळा चौथीत सुटली ती बेबीला सांभाळायला कोण नाय म्हणून, आणि बेबी शिकली मॅट्रिकपर्यंत. कुणाला दोष द्यायला सांगत नाय मी, तुम्ही बोललात सुरुवातीपासून सांगा म्हणून सांगते. पण तेव्हापासून पोटात एक निखारा आहे बघा. कधी राखेखाली जातो, कधी त्याला फुंकर लागते.

लग्न होऊन मी विक्रोळीला आली. आमचे हे कंपनीत कामाला होते, चाळीत एक खोली, बाहेर गॅलरी, पाणी सकाळचं तेवढं यायचं. बेबीला मीच मुंबईला आणली, टायपिंगच्या क्लासला घातली, माझ्या त्या एका खोलीत ती चार-पाच वर्षं राहिली, तिचा डबा मी भरायची, तिची वेणी मी घालायची. मग तिला सरकारी ऑफिसात नोकरी लागली, आणि तिथंच एक मुलगा तिनं स्वतः पसंत केला, विनायकराव. माणूस देवमाणूस, त्यांना मी नाव ठेवणार नाय. त्यांचा मुलुंडला फ्लॅट, दोन खोल्या, किचन, बाल्कनी, लिफ्ट. पहिल्यांदा मी तिकडं गेली ना, तेव्हा तिनं मला बाल्कनीत नेऊन समोरचे डोंगर दाखवले. मी म्हटलं छान आहे गो. तोंडानं म्हटलं. आत काय झालं ते माझं मला ठावक.

तिला मूल झालं नाय. डॉक्टर झाले, देवाला गाऱ्हाणं घालून झालं, नाय झालं. मला उशिरानं का होईना, निलेश. लोक मला बोलायचे, तुझं नशीब मोठं, मुलगा आहे. मी हो म्हणायची आणि डोळ्यांसमोर तिची बाल्कनी यायची. मग निलेश दहावीत असताना आमचे हे गेले. मी बेबीला म्हटलं, चार दिवस माझ्याकडं येऊन राहा, घर खायला उठतंय. तर ती बोलली, ताय, ऑफिसात सुट्टी मिळत नाय गो, रविवारी येते. रविवारी आली, संध्याकाळी गेली. मी काय केलं, शाळेच्या बसवर कामाला लागली. बसवरची मावशी म्हणतात ना, ती मी. दाराशी उभं राहायचं, पोरांना चढवायचं, उतरवायचं, कुणाला उलटी झाली, कुणाची पाण्याची बाटली राहिली, सगळं बघायचं. अजून तेच करते.

आता त्या कुत्र्याचं सांगते. त्यांच्या बिल्डिंगच्या खाली एक कुत्री गाडीखाली आली, तिचं एकच पिल्लू राहिलं, ते विनायकरावांनी खिशात घालून वर आणलं. ड्रॉपरनं दूध पाजून वाढवलं त्याला. तपकिरी रंग, कान पडलेले, रस्त्याचाच कुत्रा, पण खाऊन-पिऊन वासरासारखा झाला. बेबीनं त्याचं नाव ठेवलं सोन्या. मी म्हटलं, कुत्र्याचं नाव कुणी सोन्या ठेवतं, मोती ठेव, राजा ठेव. ती हसली नुसती. त्यानंतर काही वर्षांनी विनायकराव गेले, एकाएकी, छातीत दुखलं आणि गेले. मी धावत मुलुंडला. मला वाटलं माझ्या गळ्यात पडेल, मी तिला काखेत वाढवलेली. ती माझ्याकडं बघून आत गेली आणि त्या कुत्र्याच्या मानेत तोंड घालून रडली. मी दारात उभी, हातात चपला तशाच. काय सांगू तुम्हाला, मयताच्या घरात उभं राहून माणूस कुत्र्यावर जळतो का? मी जळली.

मग निलेशचं लग्न झालं, पूजा आली. मुलगी चांगली, चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, बोलायला स्पष्ट. आणि तिला जुळी झाली, एक मुलगी एक मुलगा, स्वरा आणि आदित्य. देवानं मला द्यायचं ठरवलं तर दोन्ही हातांनी दिलं. हॉस्पिटलात आदित्यला माझ्या हातात दिला तेव्हाच माझ्या तोंडून निघालं, सोन्या माझा. तेव्हापासून मी त्याला सोन्याच म्हणते. बेबीला फोनवर सांगितलं तर ती बोलली, ताय, सोन्या तर माझ्याकडे आहे. मी म्हटलं, तुझा कुत्रा आहे, माझा खराखुरा आहे. ती बोलली, बाळंतिणीला जप, आणि फोन ठेवला.

पोरं रांगायला लागली आणि आमची चाळ पाडायला घेतली, नवीन बिल्डिंग होणार म्हणून. आम्ही जवळच भाड्यानं खोली घेतली, तर त्या खोलीच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, तो बोलला, पंधरा दिवसांत खाली करा. दोन तान्ही पोरं घेऊन कोण खोली देतो? बघतात आणि नाय म्हणतात. तेव्हा बेबीचाच फोन आला. बोलली, माझ्याकडं या सगळे, एवढ्या मोठ्या घरात मी एकटी आहे. निलेश, पूजा खूश. मी म्हटलं, आणि तो कुत्रा? ती बोलली, त्याची तयारी मी करते, पोरांची तुम्ही करा. आणि मग हळूच मालवणीत बोलली, ताय, पोरांची दोन वापरलेली दुपटी माका दी गो, धुवू नको. माझं मन असं भरून आलं. मला वाटलं, बिचारीला नातवंड नाय, पोरांचा वास घ्यावासा वाटत असेल. स्वतः जाऊन दुपटी देऊन आली मी. आणि राहायला गेलो त्या दिवशी बघते तर काय, बाल्कनीत त्या कुत्र्याच्या अंथरुणावर माझ्या नातवंडांची दुपटी पसरलेली. बोलली, त्याला वास ओळखीचा झाला पाहिजे ना, म्हणजे पोरं आली की बिथरणार नाय. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

घरात पाऊल टाकलं नाय तोच नियम सुरू. बाल्कनी सोन्याची, तिच्या दाराला बेबीनं सुताराकडून लाकडाचं अर्धं दार करून घेतलेलं, कडीवालं. तो जेवत असला की अर्धं दार बंद. तो झोपला असला की त्याला हात लावायचा नाय. पोरं आणि तो एका खोलीत असले तर एक मोठं माणूस तिथंच बसलं पाहिजे, कुकरची शिटी काढायलासुद्धा उठायचं नाय, उठायचं तर पोराला काखेत घेऊन उठायचं. त्याच्या तोंडाला तोंड नाय, कान ओढायचा नाय, शेपटी धरायची नाय. आणि काही झालं, तर किंचाळायचं नाय, धावायचं नाय, पोराला ओढायचं नाय, शांतपणे सोन्याला हाक मारायची. त्याला इंजेक्शनं देऊन आणलेली, नखं कापून आणलेली. पूजा मान डोलवत होती. मी ऐकत होती आणि मला वाटत होतं, मी रोज बसभर पोरं सांभाळते आणि ही मला शिकवते. कुत्रं मोकळं आणि माझी पोरं दाराआड, हा कुठला न्याय? तो गुरकावतो का, म्हणून मी विचारलं. ती बोलली, गुरकावला तर त्याला ओरडू नको हां ताय, गुरकावणं म्हणजे त्याचं सांगणं आहे, बंद केलंस तर न सांगता चावेल. मी म्हटलं, वा, म्हणजे आता त्याचं ऐकायचं पण.

दिवस असे जायचे की पूजा आणि निलेश सकाळी जायचे, मी पहाटे बसवर, दुपारी पुन्हा बसवर, म्हणजे पोरं जास्त वेळ कुणाकडं, तर बेबीकडं, ती रिटायर झालेली. मी विक्रोळीहून थकून यायची, लिफ्टमधून बाहेर पडताना घरातून हसण्याचा आवाज यायचा. दार उघडलं की काय, बेबी मध्ये बसलेली, एका हातानं कुत्र्याचा पट्टा धरलेला, मांडीवर स्वरा, आणि आदित्य त्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवतोय, उघड्या पंजानं, तिनं शिकवलेलं तसा. माझ्याकडं कुणी बघायचं पण नाय. कुत्रं बघायचं फक्त. आणि गंमत ऐका. मी सोन्या म्हणून हाक मारली की दोघं वळायचे, माझा पण आणि तिचा पण. कुत्रं शेपटी हलवत पुढं यायचं, मी म्हणायची, तुला नाय रे बाबा. बेबी हसायची, मला ते हसणं लागायचं.

स्वराचा पहिला शब्द काय होता माहीत आहे? आई नाय, आजी नाय. सोन्यासुद्धा नीट नाय, ओन्या. ओन्या, ओन्या करत त्या अर्ध्या दाराला धरून उभी राहिली, आणि तशीच, दाराला धरून, पहिलं पाऊल टाकलं. मी तेव्हा बसवर. बेबीनं मोबाईलवर दाखवलं मला. दाखवताना तिचे डोळे असे चमकत होते. मी म्हटलं, हो गो, छान, आणि आत जाऊन नळ सोडून भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी पुन्हा. मी इथे इथे बस रे मोरा करून करून थकायची, पोरं ढुंकून बघायची नाय. बेबीनं आपलं एक गाणं केलेलं, सोन्या झोपला, हात लपला, असं म्हटलं की दोघं हात मागं लपवून उभी राहायची, चिमणीएवढी पोरं. येणारा-जाणारा कौतुक करायचा. कुणाचं, तर बेबीचं. माणूस आपल्या नातवंडांवर जळत नाय, पण नातवंडं ज्याच्याकडं धावतात त्याच्यावर जळतो, आणि मला तर दोघांवर जळायचं होतं, एक माझी बहीण आणि एक तिचा कुत्रा. रोज रात्री जेवताना मी एकदा तरी बोलायची, पूजा, जनावर ते जनावर, मला काय बरं वाटत नाय. पूजा पोरांना घास भरवत राहायची. बेबी पण.

मग तो दिवस आला. शाळेला कसली तरी सुट्टी होती म्हणून मी घरी. निलेश, पूजा कामावर. बेबी बोलली, मी खाली जाऊन केळी आणि कोथिंबीर घेऊन येते, सोन्या बाल्कनीत झोपलाय, सकाळपासून जरा मलूल आहे, त्याला उठवू नका. अर्ध्या दाराची कडी लावून गेली. मी पोरांना हॉलमध्ये चटईवर घेऊन बसली, वाट्या-चमचे दिले खेळायला. आणि बेल वाजली, गॅसचा सिलिंडर आला होता. मी उठली. अर्ध्या दाराकडं बघितलं, बंद होतं. स्वराला काखेत घेतली, ती बाहेरच्या दाराजवळ होती म्हणून, आदित्य चटईवर वाट्या आपटत होता. दार उघडलं, त्या माणसाला सांगितलं रिकामा सिलिंडर तिकडं आहे, आणि मागून वाट्यांचा आवाज थांबला. आम्ही पोरं सांभाळणाऱ्या बायका आवाजाला नाय घाबरत, आवाज थांबला की घाबरतो. मी वळली. अर्धं दार उघडं. लाकूड दमटपणानं फुगलेलं, कडी खाचेत बसलीच नव्हती, कडेवर टेकलेली होती नुसती, पोरानं ढकललं आणि उघडलं.

आणि मग तो आवाज आला, गुरकावण्याचा. मोठा नाय, खोल, छातीतून आल्यासारखा. बघते तर आदित्य झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर अख्खा पडलाय, आणि त्याचा कान गच्च मुठीत धरलाय. कुत्र्यानं मान वळवली आणि पोराचं मनगट तोंडात धरलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याचे दात, आणि त्या दातांमध्ये माझ्या सोन्याचा हात. सिलिंडरवाला पुढं आला, बोलला, मावशी, हाणू का त्याला? मी हातानंच त्याला थांबवलं. माझ्या घशात किंकाळी आलेली, खरं सांगते, ती मी गिळली. बेबीचं बोलणं आठवलं म्हणा, नाय तर देवानं सुचवलं म्हणा. मी हाक मारली, सोन्या, ये. ये रे राजा, ये इकडे. बेबी मारते तशी, तिच्याच सुरात. त्या घरात राहून इतके महिने झाले होते, पण त्या कुत्र्याला मी मायेनं मारलेली ती पहिली हाक.

त्यानं हात सोडला. उठला, एक कान खाली धरून, आणि माझ्याकडं चालत आला. आणि त्याच्यामागून आदित्य पण रडत रडत आला, त्याला वाटलं आजीनं त्यालाच बोलावलं. स्वराला मी त्या सिलिंडरवाल्याच्या हातात दिली, कुत्र्याचा पट्टा धरला, त्याला बाथरूममध्ये नेलं, बाहेरून कडी घातली, आणि मग खाली बसली. पोराला कुशीत घेतला. मनगटावर दोन लाल रेघा, एका ठिकाणी कातडी जराशी गेलेली.

तेवढ्यात बेबी आली, हातात पिशवी. तिनं बंद बाथरूम बघितलं, पोराचा हात बघितला, उघडं अर्धं दार बघितलं. कसं झालं म्हणून विचारलंसुद्धा नाय. पिशवी टाकली, आदित्यला उचललं, नळाखाली साबण लावून हात धुतला, धुतच राहिली, तो रडत होता तरी धुतच राहिली. मग रिक्षा करून आम्ही पोरांच्या डॉक्टरकडं. पूजा दुकानातून परस्पर तिकडं आली, चेहरा पांढरा फटक. डॉक्टर बोलल्या, कुत्र्याला इंजेक्शनं दिलेली आहेत ते चांगलं आहे, जखम वरवरची आहे, तरीपण दात लागलाय तर आपण धोका पत्करायचा नाय, आणि पोराला सुया टोचल्या. पूजा त्याला धरून बसलेली, तिच्या डोळ्यांतून पाणी, आवाज नाय.

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसलो. पूजा बोलली, मावशी, तुम्ही आम्हाला घर दिलंत, मी जन्मभर विसरणार नाय, पण आज मनगट होतं, उद्या तोंड असेल. एक तर तो राहील, नाय तर आम्ही. निलेश खाली बघत होता. तिचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाय, आई आहे ती. बेबी बोलली, दोन पोरं घेऊन तुम्ही कुठे जाणार? मी जाते. गोराईला माझी मैत्रीण राहते, तिचं अंगण आहे, मी आणि सोन्या तिथं राहू, तुमची नवीन जागा होईपर्यंत. चाव्या तायकडं ठेवते. एवढं बोलून ती उठली आणि पिशवी भरायला लागली. पहिल्यांदा कुत्र्याची वाटी, मग त्याची चादर, मग स्वतःचे कपडे.

बघा आता. मला पाहिजे होतं तेच झालं की नाय? कुत्रं जाणार, बेबी जाणार, दोन खोल्या, किचन, बाल्कनी, डोंगर, आणि पोरं सगळी माझी. मला गार वाटायला पाहिजे होतं. पण आतून मी जास्तच पेटली. ह्या कुत्र्यासाठी ही स्वतःचं घर सोडायला निघाली. माझा नवरा गेला तेव्हा हिला चार दिवस सुट्टी मिळाली नव्हती. मी तिच्यामागं बाल्कनीत गेली आणि बोललीच तिला, सगळं, विहिरीपासून. काखेत वाढवलेली, वेणी घातलेली, सुट्टी नव्हती ते, विनायकराव गेले तेव्हा माझ्या गळ्यात पडली नाय ते. निलेश, पूजा आत ऐकत असतील तर असू दे म्हटलं.

ती कुत्र्याच्या चादरीची घडी घालत होती. बोलली, तू माझ्यार जळतंस, माका ठावक हा. लहानपणापासून ठावक हा. मग माझ्याकडं बघून बोलली, आणि मी तुझ्यार किती जळतंय, ता तुका ठावक हा? निलेश झालो तेव्हा बारश्याक मी येवक नाय, तुका वाटला ऑफिस. ऑफिस नव्हता गो ताय. माका तुझ्या मांडयेर पोर बघवला नसता. तुझो घो गेलो तेव्हा पण मी घरात शिरलंय आणि बघलंय, निलेश तुझ्या कुशीत. माझ्या मनात काय इला असात, अशा वेळी पण, ता मी कोणाक सांगूचंय नाय. म्हणून संध्याकाळी पळालंय. सोन्याच्या गळ्यात पडलंय, कारण तुझ्या गळ्यात पडाक माका लाज वाटली.

खाली कुणाची तरी गाडी मागं घेताना ती टिंग टिंग वाजते ना, ती वाजत होती. आम्ही दोघी उभ्या, मध्ये तो कुत्रा, मान एका बाजूला कलती करून. तेव्हा माझं लक्ष गेलं, तो कान झटकत होता, सारखा, आणि झटकून कण्हत होता. मी म्हटलं, बेबी, ह्याचा कान बघ गो. तिनं कान उचलला, आत लाल भडक, घाण वास. पोरानं तोच कान धरला होता.

मी हॉलमध्ये आली आणि पूजाला म्हटलं, मी बघितलं ते तुला सांगते, मग तू ठरव. दुखऱ्या कानाला लटकलेलं पोर, झोपेतून उठवलेलं जनावर. पहिलं गुरकावलं, मग हात धरला, दाबला नाय, आणि माझ्या एका हाकेला सोडला. मी, जी त्याला रोज हाडहुड करते, तिच्या हाकेला. पूजा बोलली, आई, तुम्हीच रोज म्हणायच्या ना, जनावर ते जनावर? मी म्हटलं, म्हणायची, आजही म्हणते, तो मला आवडत नाय तो नायच आवडत. पण दार फुगलं होतं त्याला तो काय करणार? दार बदलू, आणि तुला जसं पाहिजे तसं ठेवू. बेबीला घराबाहेर काढून मला ह्या घरात झोप लागायची नाय.

पूजा पुष्कळ वेळ रडली, मग डोळे पुसून बोलली, माझ्या अटी आहेत. मला ही मुलगी ह्यासाठीच आवडते. अर्धं दार उंच करायचं, दोन कड्या, एक वर एक खाली, आणि रोज सकाळी ओढून बघायच्या. कुत्रा पट्ट्यात असल्याशिवाय पोरांच्या खोलीत येणार नाय, आणि पट्टा बेबीच्या हातात, नाय तर आजीच्या. तो आजारी असला, मलूल असला, त्या दिवशी भेट नाय. बेल वाजली तर वाजू दे, आधी पोरं पाळण्यात, मग दार. बेबी सगळ्याला हो बोलली. बोलली, वरची कडी मी पहिलीच लावायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी सुतार आला, आणि त्याच दिवशी कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं, कानात पू भरलेला, किती दिवस सोसत होता कोण जाणे. पट्टा धरायला बेबीबरोबर मी गेली होती. कान धुताना तो थरथरत होता आणि बेबीच्या नाय, माझ्या पोटात डोकं खुपसत होता. बेबीनं ते बघितलं. मी पण बघितलं की तिनं बघितलं.

तिथं आम्ही त्यानंतर बरेच महिने राहिलो, काही झालं नाय. मग भांडुपला खोली मिळाली, अजून तिथंच आहोत, बिल्डिंग आपली वर चढतेय सावकाश. पोरं आता बालवाडीत जातात, चुरुचुरु बोलतात. मी बसवर आहेच. रविवारी सगळे मुलुंडला. पोरं दारातून आत धावत नाय सुटत, शिकलीत, उभी राहतात, विचारतात, सोन्या उठलाय का? उठला असला तर हात पुढं करून थांबतात, तो आला तर आला. त्याचं तोंड पांढरं झालंय, एका डोळ्यानं कमी दिसतं, जास्त करून झोपलेलाच असतो. पण मी गेली की उठतो बघा, येऊन माझ्या पायाशी बसतो. बेबी स्वयंपाकघरातून बघते, डाव जरा जोरात आपटते कढईवर. तेवढंच माझं समाधान. तिच्यासाठी मी कुर्ल्यांचं म्हणजे खेकड्यांचं कालवण घेऊन जाते, ती माझ्यासाठी मऊ उकडीच्या भाकऱ्या करते, आणि एकमेकींचं बघून दोघी जळतो. आता ह्या वयात काय सुटणार आहे ते? जळू दे. ऊब तरी राहते.

परवा दिवेलागणीला देवापुढं पोरांना बसवलं होतं. मी म्हटलं, सांगा देवाला, कुणाकुणाला सुखी ठेव. आदित्य डुलक्या काढत होता. स्वरानं हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि बोलली, देवा, सोन्याला सुखी ठेव, बेबीआजीला सुखी ठेव, आईला सुखी ठेव, आजीला सुखी ठेव. आणि मग थांबली. मी म्हटलं, आणि बाबा? ती बोलली, बाबा उद्या. मी निलेशकडं बघितलं, तो हसत होता. मला काय झालं सांगू, कुत्र्याच्या मागं, बहिणीच्या मागं का होईना, पण आजच्या आज माझं नाव देवाकडं गेलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सगळी सुखी राहा गो बाय, माझ्या आधी नाव लागलेल्या त्या सोन्या-बेबीसकट.